नांदेडचा मुक्काम : घाट, मोंढा आणि वस्तीची निवड

मराठवाड्याला समुद्र नाही. त्यामुळे किनाऱ्यावरील जुन्या शहरात उतरताना प्रवाशापुढे मुक्कामाच्या वस्तीविषयी जे प्रश्न उभे राहतात, त्यांची चर्चा या प्रदेशापुरती करावयाची झाल्यास ती गोदावरीच्या काठावरच करावी लागते. पैठण, गंगाखेड आणि नांदेड ही मराठवाड्यातील गोदाकाठची तीन जुनी ठाणी. त्यांपैकी पहिल्या दोन ठिकाणी बहुतेक भाविक सकाळी येऊन सायंकाळी परततात, तर नांदेड हे शेकडो वर्षे वस्तीला थांबण्याचे शहर राहिले आहे. येथे यात्रेकरू थांबतो, धान्य आणि कापूस विकावयास आलेला शेतकरी थांबतो, रुग्णाचे नातेवाईक थांबतात आणि दोन वर्षांच्या तयारीसाठी विद्यार्थी थांबतो. या प्रत्येकासाठी शहराने आपापल्या जागी निवाऱ्याची सोय केली, आणि या सोयी इतक्या वेगवेगळ्या वस्त्यांत विखुरल्या आहेत की, प्रवासी कोठे उतरतो यावर त्याला कोणते नांदेड दिसेल हे बऱ्याच अंशी ठरून जाते. केवळ शहर पाहण्यासाठी आलेल्या माणसाची गणना मात्र या शहराने अद्याप केलेली नाही.

किनारपट्टीवरील जुन्या शहरांत परिस्थिती उलट आहे. पणजीतील फोंतेन्यास किंवा पुदुच्चेरीतील फ्रेंच वस्ती या भागांत जुनी घरेच पाहुण्यांसाठी उघडली गेली, त्यामुळे तेथे मुक्काम करणे आणि इतिहास पाहणे या दोन गोष्टी एकाच दारातून होतात. त्याची किंमतही त्या वस्त्यांनी मोजली आहे, कारण मूळ रहिवासी हळूहळू बाहेर जातात आणि मागे राहतात ते रंगवलेले सज्जे. नांदेडच्या होळी, गाडीपुरा, चौफाळा, सिद्धनाथपुरी या जुन्या भागांत असे काही घडलेले नाही. तेथे माणसे राहतात, पाहुणा मात्र राहू शकत नाही, कारण त्याच्यासाठी खोलीच नाही. नांदेडातील वस्तीच्या निवडीचा सगळा पेच या एका गोष्टीतून निर्माण होतो.

शहराची मांडणी समजून घेतल्याशिवाय हा पेच उलगडत नाही. मूळ गाव गोदावरीच्या उत्तर काठावर वसले. त्याच्या आग्नेय अंगाला, नदीने वेढलेल्या जागी नंदगिरीचा किल्ला आणि किल्ल्याच्या आसऱ्याने वाढलेल्या गल्ल्या, असा त्याचा जुना आकार होता. मराठी पंडितकवी वामनपंडितांचे नाव ज्या नांदेडशी जोडले जाते ते हे नदीकाठचे, संस्कृत पाठशाळांचे आणि घाटांचे गाव होय. पुढे १९०० च्या सुमारास निजामाच्या राज्यातील हैदराबाद–गोदावरी खोरे रेल्वे, म्हणजे सिकंदराबादपासून मनमाडपर्यंतचा मीटरगेज मार्ग सुरू झाला आणि शहराचे तोंड नदीकडून उत्तरेकडे, रुळांच्या दिशेने वळले. स्थानक आले तसा व्यापारही त्या दिशेने ओढला गेला, निजामकाळातच उस्मानशाही कापड गिरणी उभी राहिली, आणि नदी व रूळ यांच्या मधल्या पट्ट्यात वजिराबादसारखी वस्ती कचेऱ्या, दुकाने व दवाखाने यांनी भरत गेली. गिरणी पुढे बंद पडली, मीटरगेजच्या जागी ब्रॉडगेज आले. तरी घाट एका टोकाला आणि स्थानक दुसऱ्या टोकाला ही रचना टिकून आहे, आणि लॉज या दोहोंच्या मध्ये कोठे तरी असतात.

या सर्व मांडणीला छेद देऊन उभे असलेले केंद्र म्हणजे तख्त सचखंड श्री हुजूर अबचलनगर साहिब. तख्त म्हणजे शीख परंपरेतील सर्वोच्च धार्मिक अधिकाराचे आसन. अशी पाच तख्ते असून अमृतसर, आनंदपूर, तलवंडी साबो ही तीन पंजाबात, एक पाटण्यास आणि पाचवे नांदेडास आहे. दहावे गुरू गोबिंदसिंगजी १७०८ मध्ये बादशहा बहादूरशहाच्या दक्षिण स्वारीबरोबर येथे आले, गोदाकाठी आश्रम करून राहिलेला माधोदास बैरागी त्यांचा शिष्य होऊन बंदासिंग बहादूर या नावाने पंजाबकडे गेला, आणि मारेकऱ्याच्या हल्ल्यातील जखमेने त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला गुरूंचे देहावसान झाले. देहधारी गुरूंची परंपरा संपवून गुरुगादी ग्रंथसाहिबास देण्याची घटना येथेच घडली. आजची वास्तू महाराजा रणजितसिंग यांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधविली, आणि त्याच सुमारास निजामाचा दिवाण चंदूलाल याच्या मागणीवरून पंजाबातून दक्षिणेत आलेल्या शीख सैनिकांपैकी काहींचे वंशज आज दखनी शीख म्हणून ओळखले जातात. ते घरात पंजाबी, बाजारात दखनी आणि कचेरीत मराठी बोलतात. पंजाबातून येणाऱ्या यात्रेकरूला नांदेड परके वाटत नाही, याचे श्रेय बऱ्याच अंशी या समाजाला जाते.

यात्रेकरूंच्या निवाऱ्याची व्यवस्था गुरुद्वारा बोर्डाकडे आहे. गुरुद्वाराच्या भोवती, चालत जाता येईल अशा अंतरावर, महाराजा रणजितसिंग यात्री निवास, एनआरआय यात्री निवास, पंजाब भवन अशा इमारती आहेत; यात्री निवास म्हणजे जुन्या सराईचे आधुनिक रूप, जेथे नफ्याच्या हेतूशिवाय, अल्प शुल्कात खोली मिळते. येथे शीख असणे ही अट नाही. ओळखपत्र दाखवावे लागते, आवारात तंबाखू, विडी-सिगारेट आणि मद्य यांना पूर्ण मनाई असते, आणि जेवणाचा प्रश्न लंगराने, म्हणजे सर्वांना एका पंगतीत बसवून विनामूल्य जेवू घालणाऱ्या सामुदायिक स्वयंपाकघराने सोडविलेला असतो. मराठवाड्यातील अनेक कुटुंबे आपल्याच प्रदेशातील या व्यवस्थेचा लाभ घ्यावयास संकोचतात. आपण यात्रेकरू नाही, मग फुकटचे कसे जेवावे, अशी ती भावना असते. लंगरात मात्र हा प्रश्न कोणी विचारीत नाही. डोके झाकून, पादत्राणे बाहेर ठेवून, पंगतीत मांडी घालून बसणे एवढीच अपेक्षा असते, आणि ज्याला संकोच वाटेल त्याने जेवणानंतर भांडी घासण्याच्या सेवेला हात लावला की तोही मिटतो.

येथे राहण्याचा खरा लाभ मात्र स्वस्ताईत नसून वेळेत आहे. तख्ताच्या दिनक्रमातील काही प्रथा पंजाबातील गुरुद्वारांहून वेगळ्या आहेत, आणि त्यांतील सर्वांत लक्षणीय प्रथा रात्र सरत असताना घडते : गोदावरीचे पाणी घागरीत भरून तख्ताच्या स्नानासाठी आणले जाते, आणि हे काम करणाऱ्या सेवेकऱ्यास गागरिया म्हणतात. सायंकाळी आरती होते आणि गुरूंच्या शस्त्रांचे दर्शन घडविले जाते. या दोन्ही वेळांना जो शहराच्या दुसऱ्या टोकाला, महामार्गालगतच्या वातानुकूलित खोलीत झोपलेला किंवा रिक्षा शोधत उभा असतो, त्याला दुपारचा संगमरवर तेवढा दिसतो. संगमरवर सुंदरच आहे. पण नदी, घागर आणि तख्त यांचा संबंध त्यातून कळत नाही, आणि हा संबंधच नांदेडला इतर यात्रास्थळांहून वेगळे करतो. दसऱ्याला व होळीनंतरच्या होला महल्ल्याला मात्र गुरुद्वाराजवळ राहण्याचा हा सल्ला उलटा वाचावा. या दोन्ही दिवशी निशाण, घोडे आणि शस्त्रधारी शीख यांची हल्लाबोल मिरवणूक गुरुद्वारातून निघून शहराच्या रस्त्यांवरून जाते, देशभरातून यात्रेकरू येतात, यात्री निवासांच्या ओसरीतही जागा उरत नाही, आणि ज्याने आधी सोय केलेली नाही त्याला रात्र स्थानकाच्या फलाटावर काढावी लागण्याचा संभव असतो.

अमृतसरहून निघून दोन हजारांहून अधिक किलोमीटर अंतर कापणारी सचखंड एक्स्प्रेस ज्या स्थानकात येऊन थांबते त्याचे नावही आता हुजूर साहिब नांदेड असे आहे. स्थानक व बसस्थानक यांच्या परिसरातील लॉज हा मुक्कामाचा दुसरा प्रकार. पहाटेची गाडी गाठावयाची असेल किंवा रात्री उशिरा उतरावयाचे असेल तर त्याहून सोयीचे काही नाही, आणि या सोयीपलीकडे त्या भागाची शिफारस करण्याजोगे फारसे काही नाही. खोल्या अरुंद, खिडक्या बहुधा दुसऱ्या इमारतीच्या भिंतीकडे उघडणाऱ्या, आणि रस्त्यावर रात्रभर ॲपे रिक्षांची ये-जा. हा परिसर माणसाला शहरात आणून सोडण्यासाठी आहे, ठेवून घेण्यासाठी नव्हे.

मोंढ्याचा भाग याहून रसाळ आहे, पण तो ज्याला पाहता येतो त्यालाच. मोंढा म्हणजे शेतमालाच्या घाऊक खरेदी-विक्रीची पेठ. मराठवाड्यातील बहुतेक तालुक्यांच्या गावी ती असते, आणि नांदेडात जुना मोंढा व नवा मोंढा अशा दोन पेठा आहेत. कापसाचा व्यापार या शहराच्या रक्तात आहे, येथील कापूस संशोधन केंद्राने विकसित केलेला एनएचएच ४४ हा संकरित वाण एके काळी राज्यभर पेरला गेला, आणि आज हळद, सोयाबीन व हरभरा यांच्या हंगामात मोंढ्याच्या आसपासच्या लॉजमध्ये अडतीकडे माल घेऊन आलेले शेतकरी, टेम्पोचालक आणि परराज्यांतील खरेदीदार एकत्र उतरलेले असतात. अडत म्हणजे शेतकऱ्याचा माल दलालीवर विकून देणारे दुकान. जिल्ह्याची पिके, भाव, पाऊस आणि कर्ज यांच्याविषयी एका रात्रीत जेवढे येथे ऐकावयास मिळते तेवढे कोणत्याही अहवालात मिळत नाही. मात्र एकट्या स्त्रीने किंवा लहान मुले असलेल्या कुटुंबाने हा भाग निवडावा असे म्हणता येणार नाही, कारण येथील लॉज पुरुष पाहुण्यांना डोळ्यांसमोर ठेवून चालविलेले असतात आणि व्यवस्थेत तसा काही दोष नसला तरी मोकळेपणा नसतो.

जुन्या नांदेडचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. इतवारा, बर्की चौक, सराफा, किल्ला रोड, आणि त्यांच्या पलीकडे होळी व गाडीपुऱ्याच्या गल्ल्या हा शहराचा सर्वांत जुना आणि सर्वांत कमी पाहिला जाणारा भाग आहे. मराठी, दखनी उर्दू, तेलुगू आणि मारवाडी या चार भाषा एका चौकात ऐकू येतात. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता, पूर्वेला तेलंगण आणि दक्षिणेला कर्नाटक अगदी जवळ आहे, आणि हे सारे येथील पाट्यांवर, पदार्थांवर आणि घरांच्या दारांवर उमटलेले दिसते. रमजानच्या महिन्यात इतवारा व देगलूर नाका हा परिसर मध्यरात्रीपर्यंत जागा असतो. नंदगिरी किल्ला स्थानकापासून सुमारे चार किलोमीटरवर आहे. त्याच्या आत शहराच्या पाणीपुरवठ्याचे बांधकाम असल्याने गड पाहण्याच्या अपेक्षेने आलेल्या इतिहासप्रेमीची थोडी निराशा होते, परंतु तटावरून दिसणारा नदीचा वळसा पाहिल्यावर ही जागा कोणी का निवडली असेल हे समजते. या सर्व भागात मुक्कामाची सोय जवळजवळ नाही, आणि जी आहे ती बाहेरच्या माणसास सुचवावी अशी नाही. परिणामी नांदेडला दरवर्षी येणाऱ्या लाखो भाविकांपैकी फारच थोडे लोक गुरुद्वाराच्या पूर्वेला पाऊल टाकतात, आणि शहराचे सर्वांत जुने अंग त्याच्याच पाहुण्यांना अनोळखी राहते. महानगरपालिकेने या भागातील दोन-चार जुने वाडे दुरुस्त करून, मालकांच्याच ताब्यात ठेवून, पाहुण्यांसाठी उघडण्यास उत्तेजन दिले, तर ही उणीव बऱ्याच प्रमाणात भरून निघेल. घरे विकत घेऊन त्यांची हॉटेले करण्याची घाई मात्र होऊ नये, कारण मग वस्ती जाईल आणि सज्जे राहतील.

या उणिवेचे एक कारण २००८ मध्ये सापडते. गुरुगादीच्या त्रिशताब्दीनिमित्त केंद्राच्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानातून शहराला मोठा निधी मिळाला; गुरुद्वाराभोवतीचा परिसर मोकळा करण्यात आला, रस्ते रुंद झाले, घाट बांधले गेले, पूल उभे राहिले आणि विमानतळही सज्ज झाला. मराठवाड्यातील दुसऱ्या कोणत्याही शहराचा चेहरा इतक्या थोड्या काळात एवढा बदललेला नसेल. पण हा बदल एका केंद्राभोवती झाला, आणि पाहुण्यांची सर्व सोयही त्याच केंद्राभोवती गोठली. जुन्या गावाच्या वाट्याला रुंद रस्त्याचे टोक आले, मुक्काम आला नाही.

नदीपलीकडच्या दक्षिण काठाचा विचार कौठा, सिडको आणि विष्णुपुरी असा क्रमाने करावा. कौठा हा त्रिशताब्दीनंतर भरलेला, मोकळ्या रस्त्यांचा भाग असून तेथून पूल ओलांडला की शहर लागते. सिडको आणि हडको या नियोजित वसाहती पूर्वीच्या वाघाळा हद्दीत आहेत. नांदेड व वाघाळा एकत्र करून १९९७ मध्ये महानगरपालिका झाली, तरी दोन्ही काठांच्या दिनक्रमात अजून पुष्कळ अंतर आहे. विष्णुपुरीला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, श्री गुरू गोबिंदसिंगजी यांच्या नावाची अभियांत्रिकी संस्था आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असल्याने परीक्षक, पालक आणि रुग्णांचे नातेवाईक यांना तेथे उतरणे भाग पडते. प्रवाशासाठी विष्णुपुरीचे महत्त्व वेगळे आहे : शंकरराव चव्हाण विष्णुपुरी प्रकल्पाचा जलाशय शहराच्या वरच्या अंगाला असल्याने घाटांवर नदी कशी दिसेल हे त्याच्या दरवाजांवर अवलंबून असते. पावसाळ्यात दरवाजे उघडले की नगीना घाट आणि बंदा घाट यांच्या पायऱ्या पाण्याखाली जातात, पोलीस दोरी बांधून लोकांना मागे ठेवतात, आणि उन्हाळ्यात त्याच पायऱ्यांखाली संथ, शेवाळलेले पाणी उभे असते. घाटासाठी म्हणून येणाऱ्याने सप्टेंबर अखेर ते फेब्रुवारी हा काळ धरावा. मे महिन्यात नांदेडचे ऊन चाळीस अंशांच्या वर जाते आणि दगडी घाटावर अनवाणी पाय ठेवता येत नाही.

श्रीनगर, आनंदनगर, श्यामनगर, भाग्यनगर या नव्या वसाहतींविषयी थोडक्यात सांगणे पुरे. तेथे शिकवणी वर्ग, मुलामुलींची वसतिगृहे, मेस म्हणजे महिन्याच्या बोलीवर जेवण देणाऱ्या खानावळी आणि चांगली हॉटेले आहेत. रस्ते स्वच्छ, खोल्या हवेशीर, आणि जे शहर पाहावयाचे ते तेथून रिक्षाने जाण्याइतके दूर. विवाहसमारंभासाठी किंवा मुलाच्या प्रवेशासाठी येणाऱ्या कुटुंबास हा भाग योग्य. इतरांनी या सुखसोयीचा मोह टाळणे बरे.

उरतो तो मधला पट्टा. वजिराबाद ते गुरुद्वारा चौक या भागात, महावीर चौक आणि तारासिंग मार्केटच्या आसपास, मध्यम दर्जाची अनेक हॉटेले व लॉज आहेत. येथून पश्चिमेला कचेऱ्या, डॉक्टर लेन आणि बसस्थानक, दक्षिणेला घाट, पूर्वेला गुरुद्वारा व त्यापलीकडे इतवारा, असे शहराचे चारही थर पायी गाठता येतात. भाकरी-पिठल्याची खानावळ, पंजाबी ढाबा आणि बिर्याणीचे दुकान एकाच रस्त्यावर सापडते. आणि रात्री दहानंतरही रस्ता निर्मनुष्य होत नसल्याने एकट्या स्त्रीलाही येथे तुलनेने निर्धास्तपणे वावरता येते. गोंगाट आहे, हे खरे. वाहनांचे भोंगे आणि मिरवणुकांचे ढोल रात्री उशिरापर्यंत ऐकू येतात, म्हणून खोली घेताना रस्त्याकडची न घेता आतल्या बाजूची मागावी, आणि ती ताब्यात घेण्यापूर्वी एकदा उघडून पाहावी; वजिराबादच्या लॉजवाल्यांना या मागणीची सवय आहे. शहराचा एखादाच भाग निवडावयाचा असेल तर तो हाच.

नांदेडहून सुमारे १४० किलोमीटरवरील लातूर हे या चर्चेत उपयोगी पडते ते विरोधासाठी. दोन्ही शहरे जोडून पाहण्याची मराठवाड्यात रीत आहे, पण लातूरला नदीकाठ नाही. मांजरा शहराला दुरूनच वळसा घालून जाते, आणि पाणी हेच त्या शहराचे जुने दुखणे आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणण्याची वेळ लातूरवर आली होती, तेव्हा हॉटेलमालकांना टँकरचा हिशोब खोलीच्या भाड्यात धरावा लागत असे. आजही उन्हाळ्यात तेथे उतरणाऱ्याने नळाची वेळ विचारून घेणे शहाणपणाचे. इतिहास म्हणाल तर लातूरही लहान नाही, कारण राष्ट्रकूट राजे स्वतःस लत्तलूर नगरीचे स्वामी म्हणवीत आणि ते लत्तलूर म्हणजे हेच लातूर, असे बहुतेक अभ्यासक मानतात. परंतु तो इतिहास ताम्रपटांत राहिला. शहरात प्रवाशाला दिसते ती विसाव्या शतकातील बाजारपेठ.

त्या बाजारपेठेचे हृदय म्हणजे गंजगोलाई. गंज म्हणजे धान्याचा बाजार. १९१७ मध्ये उभी राहिलेली ही दुमजली वर्तुळाकार इमारत नगररचनाकार फैयाजुद्दीन यांच्या आराखड्यावर आधारलेली असून तिच्या मध्यभागी अंबाबाईचे मंदिर आहे आणि तिच्यापासून सोळा रस्ते फुटतात. एका रस्त्यावर सोनेचांदी, दुसऱ्यावर कापड, तिसऱ्यावर भांडी, अशी ही विभागणी आजही बरीचशी ओळखू येते. उरलेले शहर या वर्तुळातून बाहेर पडलेल्या वाटांवर वाढले, म्हणून लातुरात वस्त्यांची नावे ही बहुधा दुसऱ्या गावांची नावे असतात : औसा रोड, अंबाजोगाई रोड, बार्शी रोड, नांदेड रोड. लातूरकराला पत्ता विचारला तर तो चौक सांगण्याआधी रोड सांगतो. पूर्वी बार्शी लाइट रेल्वेची अरुंदमापी गाडी येथे येत असे. २००७–०८ मध्ये मार्ग ब्रॉडगेज झाला आणि नवे स्थानक गोलाईपासून लांब गेले, त्यामुळे रेल्वेने उतरणाऱ्याला स्थानकाजवळ मुक्काम करून काहीच साधत नाही.

लातुरात नांदेडसारखा निवडीचा पेच नाही, आहे तो दिनदर्शिकेचा. शहराची आजची कीर्ती लातूर पॅटर्न या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शिक्षणपद्धतीवर उभी आहे, म्हणजे दयानंद, राजर्षी शाहू यांसारख्या महाविद्यालयांनी सातत्यपूर्ण सराव परीक्षांच्या बळावर मिळविलेल्या निकालांवर, आणि त्यांच्या मागोमाग शिवाजी चौक व उद्योग भवन परिसरात दाटलेल्या शिकवणी वर्गांवर. निकाल लागल्यापासून प्रवेश संपेपर्यंत, साधारणतः जून-जुलैत, मुलाला वसतिगृहात सोडावयास आलेल्या पालकांनी शहरातील खोल्या भरलेल्या असतात, आणि या काळात पर्यटनासाठी लातूरला जाणे हा अविचार होय. एरवी गांधी चौक आणि बसस्थानकाच्या आसपास, गोलाईपासून चालत जाण्याच्या अंतरावर खोली घ्यावी. औसा रोडवरची नवी हॉटेले अधिक चांगली असली तरी तेथून सकाळचा बाजार हातातून निसटतो. औश्याचा भुईकोट, खरोशाची लेणी आणि १७६० च्या लढाईसाठी ओळखला जाणारा उदगीरचा किल्ला या तिन्हींसाठी लातूर हा सोयीचा तळ आहे, आणि १९९३ च्या भूकंपात उद्ध्वस्त होऊन पुन्हा वसविलेली किल्लारी औसा तालुक्यातच असल्याने त्याच वाटेवर जोडून घेता येते.

दोन्ही शहरांसाठी एकत्र वेळ काढणाऱ्याने अधिक रात्री नांदेडला द्याव्यात, कारण लातूरची गोलाई एका सकाळीत पाहून होते आणि नांदेडचे घाट, तख्त व जुने गाव यांना वेगवेगळे प्रहर लागतात. नांदेडात पहिली रात्र यात्री निवासात काढून पहाटेची सेवा पाहावी, मग वजिराबादेत खोली घेऊन किल्ला आणि इतवारा पायी फिरावा, आणि दसरा, होला महल्ला किंवा गुरुपर्व जवळ असेल तर निघण्यापूर्वी निदान महिनाभर आधी गुरुद्वारा बोर्डाकडे किंवा लॉजकडे चौकशी करून जागा पक्की करावी.